एकांताशिवाय नवे काही सुचते का? मुंबईत राहून लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, रंगवणाऱ्यांना प्रश्न

कोरा कागद
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

मी कथा लिहिते. नोकरी विमा कंपनीत, घर भांडुपला, आणि घरात सासूबाई, नवरा, बारावीतला मुलगा व मी अशी चार माणसे दोन खोल्यांत राहतो. कथेसाठी लागणारा ऐवज, म्हणजे माणसे, त्यांची बोलणी, त्यांचे हेवेदावे, मला या शहरात पावलोपावली मिळतो आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडते ते पुढे. त्या ऐवजाची कथा व्हायची तर त्याच्यापाशी काही काळ नुसते बसावे लागते. न बोलता, न वाचता, हातात फोन न घेता. एखादे पात्र अमुक प्रसंगी गप्प का राहिले, याचा उलगडा मला लिहिता लिहिता कधीच झालेला नाही, तो अशा बसण्यातच झाला आहे. पाहणाऱ्याला मात्र वाटते की ही रिकामी बसली आहे, म्हणून तो काहीतरी विचारतो किंवा एखादे काम सांगतो, आणि हाताशी आलेले निसटते.

तुकोबांच्या 'वृक्षवल्ली'चा पहिला चरण आपल्या सर्वांना पाठ असतो. मला त्याचा शेवट अधिक जवळचा वाटतो : 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ।' डोंगरावरच्या एकांतात त्यांना निवांतपणा लाभला असेलच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतःशी वाद घालण्याची मोकळीक तिथे मिळाली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे नवे सुचण्याचे मूळ त्या वादात आहे.

तर प्रश्न असा. असा एकांत निर्मितीसाठी अपरिहार्य आहे, हे माझे मत तुम्हाला पटते का? पटत असेल तर मुंबईत तुम्ही तो कुठे आणि कसा मिळवता? पटत नसेल तर तुमचे काम त्याच्याशिवाय कसे होते? लेखन, गाणे, चित्र, नाटक, संशोधन, कशाबद्दलही लिहा.

लोअर परळ
रविवार, रात्री १०.१५

हे मत मला पटत नाही आणि का पटत नाही ते स्पष्टपणे लिहितो. माझे वडील गिरणीत होते. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडची माणसे पाळीपाळीने झोपत; एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच वळकट्यांवर आडवी होई. त्या वस्तीने मराठीला नारायण सुर्वे दिले. पालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि पुढे शिक्षक म्हणून राबणाऱ्या या माणसाचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आला. अण्णा भाऊ साठे घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले आणि १९५९ साली त्यांनी 'फकिरा' दिली. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली आणि १९७२ साली 'गोलपिठा' आला. या तिघांनाही ना डोंगर लागला, ना वनचरे. गर्दीतूनच त्यांना त्यांची भाषा मिळाली.

एकांत अपरिहार्य आहे असे म्हटले की ज्यांना तो कधीच परवडणार नाही अशा माणसांना आपण निर्मितीच्या दारातून परत पाठवतो. ताई, तुमची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण अडचणीचा नियम करू नये.

पागोळी
रविवार, रात्री १०.३२

लोअर परळ यांच्याशी सहमत. वाचते आहे.

उंबरा रंग
रविवार, रात्री ११.०५

मी चित्रकार आहे, त्यामुळे वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. नागपुरात १९२४ साली जन्मलेले गायतोंडे गिरगावातल्या चाळीत वाढले आणि १९४८ साली जे. जे. स्कूलमधून बाहेर पडले. वर्षाला त्यांची पाच-सहाच चित्रे पूर्ण होत. बाकीचा काळ ते काय करत, असे विचारले तर उत्तर एवढेच की ते बसत, पाहत आणि वाट पाहत. रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, काही खरवडून काढायचे, पुन्हा चढवायचे, आणि हे सारे करण्याआधी कोऱ्या कॅनव्हाससमोर दीर्घकाळ काहीच करायचे नाही, ही त्यांची रीत होती. त्यांच्या चित्रासमोर उभे राहिले की तो वेळ रंगात मुरलेला जाणवतो. एका ठिकाणी खालचा पिवळा वरच्या हिरव्यातून वर येतो न येतो अशा बेताने थांबलेला असतो. घाईने काम करणारा हात तिथे थांबूच शकला नसता.

आता लोअर परळ यांच्या मुद्द्याला धरून एक गोष्ट सांगतो. १९७२ मध्ये गायतोंडे दिल्लीला गेले आणि पुढे निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, जवळजवळ अज्ञातवासात राहिले, हे सर्वांना माहीत असते. त्यांच्या चित्रांना वळण मिळाले ते मात्र मुंबईत, वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये. त्या वास्तूत हुसेन यांचा स्टुडिओ होता, रविशंकरांचे सतारीचे वर्ग चालत आणि अल्काझींच्या थिएटर युनिटचे काम चाले. अशा गजबजलेल्या घरातल्या एका खोलीत बसून त्यांनी आकृत्यांचा हात कायमचा सोडला. म्हणून माझ्या मते एकांत हवा, त्यासाठी शहर सोडायची गरज नाही.

सात बत्तीस
सोमवार, सकाळी ८.०५

उंबरा रंग यांच्या शेवटच्या वाक्याला माझा पाठिंबा आहे, आणि त्यासाठी खोलीचीही गरज नाही असे मी पुढे जाऊन म्हणेन. माझ्या बहुतेक कविता ठाणे स्लो लोकलमध्ये झाल्या आहेत. तिघांच्या बाकाच्या कडेला टेकायची चौथी सीट मिळाली तरी मला पुरते. डब्यात शेकडो माणसे असतात, भजनी मंडळींचे टाळ वाजत असतात, कुणी पत्ते मांडलेले असतात, पण त्या सगळ्यांत मला ओळखणारा कुणी नसतो आणि माझ्याकडून कुणाला काही नको असते. घरी बंद खोलीत बसलो तर बायको-मुले बाहेर आहेत हे मनाला ठाऊक असते, त्यामुळे कान दाराकडे राहतो. गाडीत कान कुठेच लागत नाही.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी १९०८ साली आपल्या शोधांविषयी जे सांगितले ते इथे आठवते. एका प्रश्नावर ते बरेच दिवस डोके लढवत होते. पुढे सहलीला गेले, गणित मनातून गेले, आणि कुतांस या गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाऊल ठेवताच उत्तर पूर्ण रूपात समोर आले. बसमध्ये बसल्यावर त्यांनी सोबत्यांशी चालू असलेले बोलणेही थांबवले नाही. पडताळणी घरी गेल्यावर केली. म्हणजे शोध लागला तो चारचौघांत, बोलता बोलता.

अभ्यासिका
सोमवार, दुपारी १.२०

मी मानसशास्त्र शिकवते. प्वांकारे यांचा दाखला योग्य आहे, परंतु तो अर्धाच सांगितला गेला आहे. त्याच निवेदनात त्यांनी आग्रहाने म्हटले आहे की आधी जाणीवपूर्वक आणि बहुधा निष्फळ वाटणारे श्रम झालेले नसतील तर असे अवचित सुचणे संभवत नाही, आणि सुचल्यानंतरही पुन्हा बैठक मारून ते तपासावे लागते. याच धाग्याने ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये निर्मितीचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरणे, उजळणे आणि पडताळणे. बस, लोकल, अंघोळ, चालणे हे सारे दुसऱ्या टप्प्याच्या कामाचे. पहिला आणि चौथा टप्पा गाडीत होईलच असे नाही, आणि कोरा कागद यांची अडचण बहुधा तिथे आहे. दीर्घ कथेची पडताळणी करायची तर आधीची वीस पाने एकाच वेळी मनात धरावी लागतात. कवितेला तो प्रश्न कमी येतो.

दुसरी गोष्ट अशी की स्थिर बसणे आपल्याला वाटते तेवढे सोपे नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना पंधरा मिनिटे रिकाम्या खोलीत आपल्या विचारांसोबत एकटे बसवले. हाताशी एक बटण होते, ते दाबले की विजेचा सौम्य झटका बसे, आणि हा झटका टाळण्यासाठी आम्ही पैसे मोजू असे त्यांनीच आधी सांगितले होते. तरीही अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा स्त्रियांनी त्या पंधरा मिनिटांत निदान एकदा ते बटण दाबले. गट लहान होता, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की जागा आणि वेळ मिळाला म्हणजे स्थिरता आपोआप येत नाही, तिचा सराव लागतो.

तानपुरा
सोमवार, रात्री १०.५०

सराव हा शब्द आला म्हणून लिहितो. आमच्या गाण्यात पूर्वी चिल्ला घेण्याची पद्धत होती. चाळीस दिवस बाहेरचा संपर्क तोडून केवळ रियाज. आज नोकरी करणाऱ्याला ते अशक्य आहे. पण त्यामागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे : सूर ऐकू येण्यासाठी आधी कान रिकामा व्हावा लागतो.

मी बोरिवलीला एका खोलीत राहतो. पहाटे तानपुरा जुळवायला बसतो. खर्ज लागला, जोड लागली, पंचम थोडा चढा वाटतो म्हणून मणी किंचित सरकवला, आणि आता जवारीतून, म्हणजे तारांच्या गुंजनातून, तो गंधार बोलू लागणार, एवढ्यात शेजारी मिक्सर सुरू होतो. मिक्सरचा आवाज थांबल्यावरही तो कानातून जायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ऑफिसला निघायची वेळ होते. शेजाऱ्यांची यात चूक नाही, त्यांनाही डबे करायचे असतात. पण लोअर परळ, शब्दांची कला गोंगाट आपल्यात घेऊ शकते, स्वराच्या कलेला ती सोय नाही.

किशोरीताई आमोणकरांचा आवाज तरुणपणी काही काळ गेला होता. गाता येत नव्हते त्या काळात त्यांनी गाण्याचा विचार केला, मनातल्या मनात गायल्या, आणि आवाज परत आल्यावर जे गाणे आले ते आई मोगूबाईंच्या तालमीवर उभे असूनही वेगळे होते. आजारपणाने लादलेले मौन सुद्धा एखाद्याच्या कामी येऊ शकते. याच मुंबईत, उंबरा रंग यांनी उल्लेख केलेल्या त्याच रस्त्यावर, सूरबहारवादक अन्नपूर्णादेवी २०१८ मध्ये वारल्या तोपर्यंत अनेक दशके राहिल्या. १९५० च्या दशकानंतर त्यांनी जाहीर मैफल केली नाही. रात्रीच्या वेळी त्या एकट्याच वाजवत आणि शिष्यांना शिकवत. हरिप्रसाद चौरसियांसारखा कलावंत त्यांच्या हाताखालून गेला. इतका कडकडीत एकांत पाळणाऱ्या बाईंनी विद्या मात्र स्वतःपाशी ठेवली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

गच्चीवरची तुळस
मंगळवार, सकाळी ६.१०

कालपासून हा धागा वाचते आहे आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. तुकोबा डोंगरावर होते तेव्हा भाकरी घेऊन डोंगर कोण चढत होते? परंपरा सांगते की आवली, म्हणजे जिजाई, घरचे सगळे आवरून त्यांना शोधत वर जायची. तिच्या पायात काटा मोडल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती विठ्ठलाच्या मोठेपणाची कथा म्हणून ऐकतो. मला तुकोबांविषयी पराकोटीचा आदर आहे. पण एकांताची चर्चा करताना तो एकांत कुणाच्या कष्टांवर उभा आहे, हे मोजले पाहिजे. सात बत्तीस, तुम्ही लिहिता की घरी बायको-मुले बाहेर आहेत हे मनाला ठाऊक असते. तुम्ही गाडीत कविता करत असता तेव्हा मुले कुणापाशी असतात?

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येते. दोन पिंपे, हंडा, कळशी, बादल्या भरून होईपर्यंत सव्वापाच होतात. सगळे झोपलेले असतात. डब्यासाठी कणीक मळायला घेण्याआधीचा जो अर्धा-पाऊण तास उरतो, तेवढाच दिवसभरातला माझा. ओट्यापाशी स्टूल ओढून मी त्यात अनुवाद करते. गुजरातीतून मराठीत केलेले माझे पहिले पुस्तक याच वेळात झाले. हे कौतुकासाठी सांगत नाही. मला हे म्हणायचे आहे की बायकांनी एकांत नेहमी असाच, कामाच्या फटीतून काढला आहे. जात्यावरच्या ओव्या कुठून आल्या? पहाटे, पुरुषमंडळी उठण्याआधी, हात दळणात आणि मन मोकळे. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरोटावर त्यांनी रचले, सोपानदेवांनी टिपून घेतले म्हणून १९५२ साली ते आपल्यापर्यंत आले.

पागोळी
मंगळवार, सकाळी ९.१५

तुळसताई, नमस्कार घ्या.

सात बत्तीस
मंगळवार, सकाळी ९.४०

तुमचा प्रश्न रास्त आहे. मुले पत्नीपाशी असतात. ती पूर्वी भरतकाम करत असे, अलीकडे करत नाही. का करत नाही हे मी तिला विचारले नव्हते, आज विचारेन.

धम्मवाट
मंगळवार, दुपारी ३.३०

अभ्यासिका यांनी सरावाचा विषय काढला आहे तर विपश्यनेविषयी लिहितो. इगतपुरीला दहा दिवसांचे शिबिर मी केले आहे. तिथे आर्य मौन पाळायचे असते, डोळ्यांनी खाणाखुणाही करायच्या नसतात, आणि लिहिण्या-वाचण्याची साधने पहिल्या दिवशीच जमा करावी लागतात. लिहिणाऱ्या माणसाला हा नियम सुरुवातीला जाचतो, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मनात ओळीमागून ओळी येऊ लागतात आणि त्या टिपता येत नाहीत. मला मात्र तोच नियम सर्वांत उपयोगाचा ठरला. सुचलेले लगेच पकडायचे नाही, आले तसे जाऊ द्यायचे, हे तिथे शिकलो. परत आल्यावर ज्या दोन-तीन गोष्टी मनात टिकून होत्या त्याच लिहिण्याजोग्या होत्या.

मात्र शिबिरे लेखनासाठी नसतात आणि त्या हेतूने कुणी जाऊ नये. आणखी एक सांगतो. आपल्या बोरिवलीच्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथे भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्यांत एकेका माणसापुरता दगडी ओटा आहे आणि बाहेर पाण्याचे टाके. पण शिलालेख पाहिले तर दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. बाजारापासून पुरेसे दूर आणि भिक्षेला पुरेसे जवळ, असे ते ठिकाण आहे. तुळसताईंनी जे घराबद्दल म्हटले ते तिथेही लागू आहे. एकांताचा खर्च कुणीतरी उचललेलाच असतो.

एक पायरी वर
मंगळवार, रात्री ९.००

कुठे मिळतो, या प्रश्नाला अजून कुणी नीट उत्तर दिलेले नाही, म्हणून माझ्या अनुभवाची ठिकाणे देतो. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, इमारत १८७० ची. वरच्या व्हरांड्यात पाय लांब करून बसायच्या जुन्या आरामखुर्च्या आणि मागे बाग. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत असतात, तरी वर कुणी तुम्हाला हटकत नाही. सभासद व्हावे लागते. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. दुर्गाबाई भागवत तिथे वर्षानुवर्षे नेमाने येऊन काम करत. घरच्या वाचनखोलीची सोय ज्यांना नाही त्यांच्यासाठी दादर-नायगावचा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग मोठा आधार आहे. ही संस्था १८९८ ची.

आणि काळा घोड्याचा विषय निघाला आहे तर अरुण कोलटकरांचे नाव घ्यायलाच हवे. वेसाइड इनमध्ये खिडकीशी बसून वर्षानुवर्षे त्यांनी समोरच्या तिठ्यावरची माणसे, कुत्री, कावळे, इडलीवाली पाहिली, आणि २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. घरी त्यांनी फोन ठेवला नव्हता. हॉटेलात बसलेला हा माणूस एकांतात होता की गर्दीत, हे मला ठरवता येत नाही. पण स्थिर होता हे निश्चित. जग त्याच्यापुढून जात होते आणि तो जागचा हलत नव्हता.

नेपथ्य
बुधवार, रात्री १२.२०

मी प्रायोगिक नाटक करतो. नाटक एकट्याने होत नाही, त्यामुळे हा धागा आपला नाही असे आधी वाटले होते. पण तालमीत एक प्रकार असतो. वाचन संपते, दिग्दर्शक काही बोलत नाही, नटही बोलत नाहीत, सगळे आपापल्या जागी बसून राहतात. नवखा नट त्या वेळी घाबरतो आणि काहीतरी बोलून ती शांतता मोडतो. अनुभवी नट ती मोडत नाही. पुढची जागा बहुतेक वेळा त्या बसण्यातून सापडते. दहा माणसांचा मिळून असा एकांत होऊ शकतो, हे माझ्या अनुभवाने सांगतो.

लोअर परळ
बुधवार, सकाळी ११.००

नेपथ्य यांचे वाचून मला आमच्या चाळीतला एक गृहस्थ आठवला आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात थोडी भर घालावीशी वाटते. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात होते, दुसऱ्या पाळीला. पाळी रात्री बाराला सुटे. ते जेवून गॅलरीच्या टोकाला, नळाच्या पलीकडे, कठड्याला टेकून उभे राहत. गावच्या नमनाच्या खेळासाठी गवळणी आणि वग रचायचे काम त्यांच्याकडे असे. बाजूलाच पथारीवर माणसे झोपलेली, खाली कुत्री भुंकत असत. पण ते तिथे उभे असताना त्यांना हाक मारायची नाही, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होते. एकदा त्यांच्याकडे गावाहून पाहुणे आले तर शेजाऱ्यांनी त्यांना आपल्याकडे बसवून चहा दिला आणि सांगितले की थोडे थांबा, ते कामात आहेत. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या माणसाला चाळ 'कामात आहे' म्हणत होती.

माझा मूळ मुद्दा कायम आहे. जागा नसेल तर निर्मिती होत नाही, असे म्हणता येणार नाही. पण त्यांना काहीतरी लागत होते आणि ते चाळीने दिले होते, हे मी मान्य करतो.

अभ्यासिका
बुधवार, दुपारी १२.१५

हे फार महत्त्वाचे आहे. सात बत्तीस यांच्या डब्यात, ससूनच्या व्हरांड्यात, कोलटकरांच्या खिडकीत आणि या कठड्यापाशी सारखे काय आहे ते पाहा. माणसे सगळीकडे आहेत. त्या वेळात कुणाला उत्तर द्यावे लागत नाही, एवढेच समान आहे. कोरा कागद यांच्या घरात नेमके तेवढेच नाही.

उंबरा रंग
बुधवार, दुपारी २.४०

पूर्णपणे पटत नाही. उत्तर न द्यावे लागणे ही सुरुवात झाली. गायतोंडे यांना त्या पलीकडे, पाहणाऱ्याचाही विचार मनात नसावा असे वाटत असे, आणि त्यासाठी अखेरीस त्यांनी माणसे दूर ठेवली. काही कामांना खरोखरच रिकामी खोली लागते. ती मुंबईत मिळत नसल्याने किती चित्रकार पनवेल-कर्जतकडे गेले हे आम्ही पाहतो आहोत, आणि तिथे गेल्यावर बोलायला कुणी नाही म्हणून काहींचे काम थांबले, हेही पाहतो आहोत.

तानपुरा
बुधवार, रात्री ८.५०

शेवटच्या वाक्याबद्दल : जी. ए. कुलकर्णी धारवाडला अलिप्त राहिले, लोकांत मिसळणे त्यांनी टाळले, पण पत्रे भरभरून लिहिली. त्या पत्रांचे खंड निघाले आहेत. एवढा एकांतप्रिय लेखकही बोलल्याशिवाय राहिला नाही. त्याने फक्त बोलण्याची वेळ स्वतः ठरवली.

कोरा कागद
बुधवार, रात्री ११.१०

सर्वांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

'अपरिहार्य' या माझ्या आग्रहाबद्दल लोअर परळ यांच्याशी माझा मतभेद राहील, पण तो आता लहान झाला आहे. तुमच्या चाळीतल्या त्या गृहस्थांना मिळाले तेच मला हवे आहे. आमच्या घरी मी लॅपटॉप उघडून बसले तर 'काम चालू आहे' असे समजतात आणि मी खिडकीशी बसले तर 'मोकळी आहे' असे समजतात. म्हणून काल रात्री मी घरात सांगितले की जेवणानंतरचा एक तास मी खिडकीशी बसेन, तेव्हा मला हाक मारू नये. नवऱ्याने मान्य केले. मुलाने विचारले की तू नुसतीच बसणार का, आणि मी हो म्हटले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण आज रात्री दूध तापवून विरजण त्यांनीच लावले. तुळसताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिले. त्यांचे जे काम वाढले ते मी मोजले आहे, आणि दुपारी त्यांचा पोथीचा वेळ असतो तेव्हा फोन मी घरी असेन त्या दिवशी मीच उचलायचा, असे आमचे ठरले आहे.

सात बत्तीस, कवितेला गाडी पुरते हे मानते, कथेला मला पुरत नाही. अभ्यासिका यांनी वीस पाने मनात धरण्याबद्दल लिहिले आहे ते शब्दशः खरे आहे.

नेपथ्य, तुमच्या तालमीतल्या बसण्याविषयी अधिक लिहाल का? लिहिणाऱ्यांना तसे एकत्र बसता येईल का, असा विचार मनात आला आहे.

नेपथ्य
गुरुवार, रात्री १२.४०

येईल. दादरला आमच्या तालमीची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. सहा-सात जणांनी यायचे, फोन दाराशी ठेवायचे, दोन तास कुणी कुणाशी बोलायचे नाही आणि शेवटी काय लिहिले ते विचारायचे नाही. खोलीचे भाडे वाटून घेऊ. पंखा एकच आहे.

गच्चीवरची तुळस
गुरुवार, सकाळी ५.२५

मी येईन. कितीला सुरू करायचे ते लिहा. आठच्या आत असेल तर बरे, म्हणजे घरचे उठून आवरेपर्यंत माझे दोन तास झालेले असतील.

सात बत्तीस
गुरुवार, सकाळी ८.१०

मीही येईन. पत्नीलाही यायचे आहे. भरतकामाची रिंग आणि दोरे आणले तर चालेल का?

नेपथ्य
गुरुवार, सकाळी ९.०५

चालेल. साडेसातला कुलूप उघडतो.